कॅनडातल्या मराठी आई-बाबांना खुलं पत्र: सोळाव्या वर्षी मत द्यायला आपली हरकत नक्की कशाला आहे?

समस्त काका-काकू, दादा-वहिनी, ताई-भाऊजी,

सप्रेम नमस्कार. मी मिसिसागात राहतो, २००७ साली आलो, त्याआधीचं सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यात गेलं. ओटावातल्या लोकांशी मी इंग्लिशमध्ये बोलेनच, पण हे मराठीत लिहितोय कारण आधी आपल्या आपल्यात बोलायला हवंय.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की मतदानाचं वय १६ करणार. ती बातमी आपल्या ग्रुपवर कोणीतरी टाकली आणि खाली धडाधड मेसेज आले. "पोरांना काय कळतंय", "आधी स्वतःची खोली आवरा म्हणावं", "टिकटॉकवर बघून मतं देणार ही". मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. पण माझा फोन त्यावेळी माझ्या लेकीच्या हातात होता, आजीला व्हिडिओ कॉल लावून देत होती ती, आणि तिने ते सगळं वाचलं. मराठी वाचता येतं तिला, हळू वाचते पण वाचते. फोन परत देताना तिने एवढंच विचारलं, "बाबा, हे माझ्याबद्दल आहे का?" मी नाही म्हणालो. ते उत्तर खोटं होतं आणि तेव्हापासून मला ते खातंय, म्हणून हे पत्र.

तर आधी जरा मागे जातो, जानेवारी २०२५ मध्ये. ६ जानेवारीला पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंनी राजीनामा देणार म्हणून सांगितलं आणि त्यांच्या सत्ताधारी लिबरल पक्षाला नवा नेता, म्हणजेच नवा पंतप्रधान, निवडायची घाई झाली. त्यात मत द्यायला पक्षात नाव नोंदवायची शेवटची तारीख २७ जानेवारी. म्हणजे बरोब्बर आपल्या संक्रांतीच्या कार्यक्रमांच्या मोसमात. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला हॉलच्या दारात दोन-तीन जणं फोन घेऊन उभे होते, कोणाच्या टीमचे होते ते लिहीत नाही, कारण असे सगळ्याच पक्षांचे असतात. "काका, फ्री आहे, घरात चौदाच्या वरचे जेवढे आहेत तेवढ्यांची नावं टाका." तिळगूळ घेता घेता आपण किती जणांनी पोरांचे ईमेल आयडी दिले आठवून बघा. तेव्हा कोणी विचारलं नाही की चौदा वर्षांच्या पोराला काय कळतंय म्हणून.

हे चौदा वर्षांचं खरंय बरं का, ऐकीव नाही. लिबरल पक्षात वयाची अट १४ आहे, कन्झर्व्हेटिव्ह पक्षातही १४ च आहे. त्यावेळी लिबरलांनी नियम बदलला तो वेगळ्या बाबतीत: आधी कॅनडात राहणारा कोणीही चालायचा, मग म्हणाले की सिटिझन किंवा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, तरी पाहिजे. माझा भाचा इथे स्टुडंट व्हिसावर आहे, तो त्यामुळे बाद झाला, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. पण पीआर असलेलं चौदा वर्षांचं पोरगं मत देऊ शकत होतं.

माझी लेक तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत, म्हणजे ग्रेड टेनला. तिने स्वतःहून नाव नोंदवलं, ओळख पटवायची ती पायरीही पूर्ण केली. ही पायरी काय सगळ्यांनी केली नाही, जवळजवळ चार लाख लोकांनी नावं नोंदवली होती आणि प्रत्यक्ष मतं पडली दीड लाखाच्या थोडी वर. म्हणजे निम्म्याहून जास्त मोठी माणसं मध्येच गळाली आणि ही पोरगी टिकली. २४ आणि २५ फेब्रुवारीला मॉन्ट्रियलला दोन डिबेट झाल्या, एक फ्रेंच एक इंग्लिश. मी इंग्लिशवाली बघितली, तिने दोन्ही बघितल्या, कारण तिला फ्रेंच येतं आणि मला सतरा-अठरा वर्षं इथे राहूनही येत नाही. मतपत्रिकेवर पसंतीक्रम द्यायचा होता. मी पहिली पसंती मार्क कार्नींना दिली, तिने कॅरिना गूल्डना. मला वाटलं होतं ती माझंच बघून देईल. मी विचारलं का गं, तर म्हणाली की दिवसाला दहा डॉलरच्या डेकेअरचं खातं यांच्याकडे होतं, आणि आपल्या शेजारच्या मावशी नोकरीवर परत जाऊ शकल्या त्या त्याच डेकेअरमुळे, मला माहितीये कारण जागा मिळेपर्यंत त्यांचं बाळ मीच सांभाळत होते. ९ मार्चला निकाल लागला, कार्नींना १,३१,६७४ मतं, गूल्डना ४,७८५. त्या ४,७८५ मधलं एक आमच्या घरातलं. तिची उमेदवार हरली पण लेक रुसली नाही, आकडे बघत बसली रात्रभर, टक्केवारी काढत.

आणि मग पाच दिवसांनी, १४ मार्चला, कार्नींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. खासदार नसताना. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या पदाला जे काही मतांचं बळ होतं ते फक्त त्या दीड लाख लोकांचं होतं, आणि त्यात कायद्याने अज्ञान असलेली चौदा-पंधरा-सोळाची पोरं होती. देशाचा पंतप्रधान निवडायला.

नंतर २८ एप्रिलला जनरल इलेक्शन. त्यात तिला मत नाही. ती माझ्याबरोबर केंद्रापर्यंत आली आणि बाहेर थांबली. त्याच महिन्यात तिच्या शाळेत स्टुडंट व्होट झालं होतं, सगळ्या देशात शाळाशाळांमध्ये घेतात ते, खरे उमेदवार, खरी नावं, खोटी पेटी. आणि त्याच सेमिस्टरला तिला सिव्हिक्सचा कोर्स होता, ऑन्टारियोत ग्रेड टेनला तो कंपल्सरी आहे. संसद कशी चालते, बिल कसं पास होतं, मतदारसंघ काय असतो, सगळं पंधरा-सोळाव्या वर्षी शिकवायचं, परीक्षा घ्यायची, आणि मग म्हणायचं आता दोन-तीन वर्षं विसरून जा, अठरा झाल्यावर बघू. अठराव्या वर्षी ही पोरं कुठे असतात? निम्मी घर सोडून दुसऱ्या गावात युनिव्हर्सिटीला, पत्ता बदललेला, पहिल्यांदा स्वतःचा स्वयंपाक करतायत, मतदारयादीत नाव कुठे आहे ते माहीत नाही. पहिलं मत द्यायला याच्याइतकी अडचणीची वेळ दुसरी नसेल. सोळाव्या वर्षी ती आपल्या घरात असतात, आपल्या टेबलावर जेवतात, हातात हात धरून केंद्रावर नेता येतं त्यांना.

सरकारलाही हे कळतं, नाहीतर इलेक्शन्स कॅनडाने १४ ते १७ वयाच्या मुलांसाठी भावी मतदारांची नोंदवही कशाला ठेवली असती. नाव आधी घेऊन ठेवायचं, मत मात्र नंतर.

आता तुमचे मुद्दे. पहिला नेहमीचा, की पोरं आई-बाप सांगतील तिथेच देणार. माझ्या घरातलं उदाहरण वर दिलंच आहे, पण ते सोडा. समजा देतीलही काही जण. मग आपल्याकडे सासरे सांगतील तिथे मत देणाऱ्या किती बायका होत्या, अख्खी वाडी एका माणसाच्या शब्दावर शिक्का मारायची, म्हणून त्यांचं मत काढून घ्या असं कोणी म्हणालं नाही. मत हातात असलं की हळूहळू माणूस स्वतःचं डोकं वापरायला लागतो, आधी डोकं सिद्ध करा मग मत देऊ असं केलं असतं तर आपल्या देशात निवडणूकच झाली नसती.

आणि हे वाक्य, "काय कळतंय त्यांना", हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, माझ्याबद्दल. माझा जन्म १९७० चा. भारतात तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने ६१ वी घटनादुरुस्ती पास केली, मार्च १९८९ मध्ये ती लागू झाली आणि वय १८ झालं. तुमच्यातले जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, पारावर काय काय बोलत होते लोक. मिसरूड फुटलं नाही आणि सरकार निवडायला निघाले, कॉलेजात जाऊन पिक्चर बघतात आणि हे देश चालवणार. माझे सख्खे चुलते म्हणायचे. नोव्हेंबर १९८९ ला लोकसभेची निवडणूक लागली, मी एकोणीस वर्षांचा, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्र, ज्या वर्गात मी चौथी शिकलो त्याच वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा करून ठेवलेला. बोटाला शाई लावली, कागदाची ही मोठी मतपत्रिका, तो फुलीचा शिक्का, कागद घडी घालून पेटीत. हात थरथरत होता माझा. घरी आलो तर त्याच चुलत्यांनी विचारलं, कुणाला दिलंस. मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी शेतीचं, पाण्याचं, सोसायटीच्या कर्जाचं बोलायला लागले, त्याआधी मी म्हणजे चहा आणून देणारा पोरगा होतो. तर ज्यांना १९८९ मध्ये हा हक्क मिळाला त्या आपण सगळ्यांनी २०२५ मध्ये तेच पारावरचं वाक्य उचलून टाईप करायचं, हे मला बघवलं नाही.

आणि इथलं बघा. या देशात आपल्या लोकांना हेच ऐकवलं गेलंय. १९०७ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने भारतातून आलेल्यांचा, त्यांच्या भाषेत "हिंदूं"चा, मग तो शीख असो मुसलमान असो, मताचा हक्क काढून घेतला. प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणजे फेडरलमध्येही मत नाही. तो हक्क परत मिळाला १९४७ मध्ये. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरण्यांमध्ये राबणारी, टॅक्स भरणारी माणसं, आणि कारण काय दिलं जायचं तर यांना इथली व्यवस्था समजत नाही. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ, लोकांना तर १९६० पर्यंत थांबावं लागलं, आपली ओळख न सोडता मत द्यायला. कॅनडानेही २१ चं १८ केलं ते १९७० मध्ये. प्रत्येक वेळी जे आत आहेत त्यांनी बाहेरच्यांबद्दल हेच म्हणलं आणि प्रत्येक वेळी दार उघडल्यावर काही कोसळलं नाही.

मी स्वतः पाच वर्षं पीआर होतो. पगारातून टॅक्स कापला जायचा, आमच्या बसचा रूट बंद केला तेव्हा मी आणि बायको उणे वीसमध्ये चालत गेलोय, आणि निवडणूक आली की दारावर येणारा उमेदवार विचारायचा, सिटिझन आहात का, नाही म्हटलं की पुढच्या दाराकडे वळायचा. ते वळणं माझ्या लक्षात आहे. आज सोळा-सतरा वर्षांची मुलं ग्रोसरीच्या काउंटरवर काम करतात, त्यांच्या पे स्लिपवर कपात होते, ऑन्टारियोत १६ व्या वर्षी जी-वन, म्हणजे शिकाऊ लायसन्स, घेऊन गाडी शिकतात, आई-बापाची सही असेल तर सैन्याच्या रिझर्व्ह फोर्समध्येही जाता येतं. आणि उमेदवार त्यांना बघून पुढच्या दाराकडे वळतो.

दुसरा मुद्दा जो एका दादांनी मला वेगळा फोन करून सांगितला, आणि तो वजनदार आहे, मी तो हलका घेत नाही. ते म्हणाले, अरे मग उलटं कर ना, पक्षातलं वय वाढवून १८ कर. पोरांची नावं ढिगाने भरून पक्षाची निवडणूक जिंकतात, हे तुलाही दिसतंय. दिसतंय, संक्रांतीला हॉलच्या दारातच दिसलं. परकीय हस्तक्षेपाच्या चौकशीत जस्टिस ऑग यांच्या आयोगासमोर टोरोंटोतल्या डॉन व्हॅली नॉर्थ मतदारसंघात पक्षाचा उमेदवार ठरवायच्या २०१९ च्या निवडणुकीचं प्रकरण आलं होतं, बसमधून परदेशी विद्यार्थ्यांना मतदानाला आणल्याचं. पक्षाच्या आतल्या निवडणुका म्हणजे बाहेरच्या देशांना शिरायला सोपी वाट आहे, असंच त्या आयोगाचं म्हणणं होतं. त्यामुळे पक्षांनी ओळखपत्र नीट तपासावं, नागरिकत्व बघावं, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण दादा, त्यात दोष वयाचा नाहीये. ढिगाने नावं भरताना मोठ्यांचीही भरतात, आजी-आजोबांची भरतात ज्यांना कशावर सही केली तेही माहीत नसतं. आणि चौदाव्या वर्षी पक्षात जाणं मला वाईट वाटत नाही, उलट हेवा वाटतो. माझे वडील आमच्या तालुक्यात चाळीस वर्षं एका पक्षाचे कार्यकर्ते होते. भिंती रंगवल्या, सायकलवरून पत्रकं वाटली, मतमोजणीच्या रात्री जागले. पक्षाचा अध्यक्ष कोण असावा हे त्यांना एकदाही कोणी विचारलं नाही, कागदावरही नाही. काँग्रेसची २०२२ ची अध्यक्षपदाची निवडणूक आठवा, खरगेंना ७,८९७ आणि थरूरांना १,०७२, केवढं कौतुक झालं की निवडणूक झाली म्हणून, पण ती मतं नऊ हजारांवर डेलिगेट्सची, गावातल्या साध्या कार्यकर्त्याची नाहीत. माझ्या वडिलांना चाळीस वर्षांत जे मिळालं नाही ते त्यांच्या नातीला पंधराव्या वर्षी मिळालं. तिने आजोबांच्या फोटोसमोर येऊन सांगितलं होतं मत देऊन आल्यावर. ते मी काढून घ्या म्हणू शकत नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचंय की पक्षातलं मत जेव्हा थेट पंतप्रधान ठरवतं तेव्हा ते क्लबातलं मत राहत नाही. तिथे चौदाव्याला विश्वास टाकता आणि खासदार निवडताना सतराव्याला नाही म्हणता, याला काय आधार आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा. कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या चार्टरचं कलम ३ काढून वाचा, प्रत्येक नागरिकाला मताचा हक्क आहे असं लिहिलंय, वय लिहिलेलंच नाही त्यात. वय कायद्यात आहे, आणि कायदा बदलता येतो. काही मुलामुलींनी याच मुद्द्यावर २०२१ मध्ये ऑन्टारियोच्या कोर्टात धाव घेतलीये. सिनेटर मॅरिलू मॅकफेड्रन बाईंनी १६ वर्षांचं बिल पुन्हा पुन्हा आणलं. एनडीपी या डाव्या पक्षाचे खासदार टेलर बॅक्राक यांचं बिल सी-२१० सप्टेंबर २०२२ मध्ये मोठ्या फरकाने पडलं, आणि पाडणाऱ्यांत त्याच दोन मोठ्या पक्षांचे खासदार होते जे स्वतःच्या पक्षात चौदाव्या वर्षी मेंबर करून घेतात.

बाकी देशांची यादी देत बसत नाही. ऑस्ट्रियात २००७ पासून १६ आहे. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या रेफरेंडमला सोळा-सतराची मुलं रांगेत उभी राहिली, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, आणि ते बघून तिथल्या संसदेने पुढे आपल्या निवडणुकांसाठी ते कायमचंच केलं, आधी विरोध करणारे कन्झर्व्हेटिव्हसुद्धा तिथे बाजूने आले. वेल्सनेही नंतर केलं.

आणि मत एकाने काय होतं म्हणणाऱ्यांना: २०२५ च्याच निवडणुकीत क्यूबेकमधल्या टेरबॉनला फेरमोजणीनंतर फरक निघाला एका मताचा. एक. पुढे त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या ते वेगळं.

माझी विनंती साधी आहे. गुढीपाडव्याला, गणपतीला आपण खासदारांना बोलावतो, शाल देतो, फेटा बांधतो, ते दोन शब्द मराठीत बोलतात आणि आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. यावेळी फोटोच्या आधी एक प्रश्न विचारा, की सोळा वर्षांच्या मताबद्दल तुमची भूमिका काय आहे आणि पुढचं बिल आलं तर तुम्ही कुठे मत देणार. मंडळाच्या कमिट्यांनी हे स्टेजवरून विचारावं, आणि विचारायला एखादी सोळा वर्षांची मुलगी उभी करावी, लेझीम खेळायला उभी करतो तशीच. घरी पोरांशी बोला, त्यांना हवंय का ते विचारा, काही जण नको म्हणतील, तेही ऐका. आणि ग्रुपवर पुन्हा असं काही लिहिताना एवढं लक्षात ठेवा की पोरं वाचतात, मराठीसुद्धा.

पत्रं लिहा. हाऊस ऑफ कॉमन्सला खासदाराच्या नावाने पत्र पाठवायला कॅनडात पोस्टाचं तिकीट लागत नाही, हे कित्येकांना माहीतच नाहीये. नुसतं पाकीट, खासदाराचं नाव, हाऊस ऑफ कॉमन्स, ओटावा, एवढं लिहून लाल डब्यात टाकायचं. माझ्या लेकीने तिचं पत्र लिहिलंय, दीड पान, हाताने. तिला मी शेवटी खरं उत्तर दिलं, की हो, ते मेसेज तुझ्याबद्दलच होते, आणि मी गप्प बसलो ते चुकलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तुम्ही पण लिहा. माझं पत्र तिच्या पत्राबरोबर सोमवारी टाकतोय.

तुमचा,
मिसिसागातला एक बाबा